लेव्हलिंग शिकायचं तर आधी स्टाफ धरा

मी सर्व्हेत आलो तो खलाशी म्हणून, म्हणजे मोजणीत पट्टी धरणारा मदतनीस. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात पाझर तलावांची कामं चालू होती. वय एकोणीस, दहावी पास, आणि हातात चार मीटरचा लाकडी स्टाफ, म्हणजे आकडे असलेली उभी पट्टी. साहेब तिपाईमागे छत्रीच्या सावलीत, मी समोर बाभळीच्या काट्यात उभा. लेव्हलिंग म्हणजे तिपाईवरच्या आडव्या दुर्बिणीतून, म्हणजे लेव्हलमधून, समोरच्या स्टाफवरचा आकडा वाचून जमिनीची उंची काढणं. पहिली दोन वर्षं मी त्या दुर्बिणीला डोळा लावला नाही. पुढे रात्रीच्या वर्गाला बसलो, सर्व्हेअर झालो, जुन्या डंपी लेव्हलपासून अंतर आणि कोन एकदम मोजणाऱ्या टोटल स्टेशनपर्यंत सगळं चालवलं. आता आसपासच्या पॉलिटेक्निकची पोरं सर्व्हे कॅम्पच्या आधी घरी येतात आणि म्हणतात, काका, लेव्हल कशी लावायची ते दाखवा. मी त्यांना आधी स्टाफ देतो. तोंडं उतरतात.

कॅम्पमध्ये दरवर्षी हेच होतं. सहा जणांचा गट, दोघं इन्स्ट्रुमेंटपाशी भांडत असतात, एक वही लिहितो, आणि जो बोलत नाही त्याच्या हातात स्टाफ. पण दुर्बिणीला फक्त समोरची पट्टी दिसते. पट्टी कशावर उभी आहे, किती कललीय, जोडावर नीट बसलीय का, यातलं फारसं काही तिला दिसत नाही. म्हणून हे सगळं मी स्टाफच्या टोकाकडून सांगणार आहे.

सकाळी निघण्याआधी स्टाफ जमिनीवर आडवा टाका, पूर्ण उघडा आणि शेजारी स्टीलचा टेप पसरा. शून्य बुडाशी जुळतंय का, प्रत्येक जोडाच्या वरचे आणि खालचे आकडे टेपशी जुळतात का, बघा. दोन मिनिटांचं काम आहे. मला ते कुणी शिकवलं नव्हतं, त्याचा किस्सा सांगतो.

आमच्या लाकडी स्टाफचे तीन तुकडे होते: खालचा दीड मीटरचा, वरचे सव्वा-सव्वा मीटरचे. मधला तुकडा वर ओढला की पितळी खिट्टी खट्‌कन बसायची. ती झिजली होती. तुकडा दीड सेंटिमीटर खाली बसायचा, आणि मला ते माहीत होतं. एवढ्याशानं काय होतंय म्हणून बोललो नाही. गावातल्या देवळाच्या जोत्यावरच्या बीएमवरून (बेंचमार्क, उंची माहीत असलेली खूण) खिंडीतल्या एका दगडापर्यंत पातळी न्यायची होती. आठ वेळा लेव्हल मांडून वर गेलो, आठ वेळा मांडून त्याच वाटेनं खाली आलो. देवळाशी क्लोजिंग, म्हणजे परत आल्यावर उरलेला फरक, आलं सहा मिलिमीटर. साहेब खूश. आठवड्याभरानं दुसरी पार्टी खिंडीच्या पलीकडून आली, त्याच दगडावर. दोघांच्या आकड्यात १२ सेंटिमीटरचा फरक.

हे कसं झालं ते नीट समजून घ्या. बॅकसाइट म्हणजे मागच्या, पातळी माहीत असलेल्या बिंदूवरचं रीडिंग, ते मिळवायचं; फोरसाइट म्हणजे लेव्हल हलवण्याआधीचं पुढच्या बिंदूवरचं, ते वजा करायचं. चढावर बॅकसाइट मोठी येते, कारण मागचा स्टाफ खाली असतो. आमची प्रत्येक बॅकसाइट दीड मीटरच्या वर होती, म्हणजे घसरलेल्या तुकड्यावर. तुकडा खाली बसला की त्याच्यावरचे आकडेही खाली येतात, आणि रीडिंग खऱ्यापेक्षा १५ मिलिमीटर जास्त मिळतं. आठ मांडण्यांत ८ गुणिले १५, म्हणजे १२० मिलिमीटर पातळी उंच गेली. उतरताना फोरसाइट मोठी, तीही तितकीच जास्त, म्हणून तेवढीच पातळी परत खाली आली. चूक स्वतःलाच खाऊन टाकते, क्लोजिंग सुंदर येतं, आणि खिंडीतला दगड मात्र चुकीचा राहतो. अर्धा दिवस दोन्ही साहेब एकमेकांच्या वह्या तपासत होते. शेवटी मीच स्टाफ जमिनीवर टाकून टेप लावला. बोलणी मीच खाल्ली, आणि ती माझीच होती.

आताच्या ॲल्युमिनियमच्या टेलिस्कोपिक स्टाफला खिट्टीच्या जागी बटण असतं. भोकात माती गेली की ते अर्धवट बसतं. 'खट्ट' ऐकू आल्याशिवाय हात सोडू नका. आणि रीडिंग दीड मीटरच्या आत येणार असेल तर स्टाफ उगाच पूर्ण उघडू नका. वारा लागला की तो झुलतो.

आता लेव्हलकडे येऊ. कॉलेजच्या ऑटो लेव्हलनं किती कॅम्प आणि किती ट्रॅक्टर पाहिलेत कुणास ठाऊक, तेव्हा तिच्यावर आंधळा विश्वास नको. दोन खुंट्यांची परीक्षा घ्या. साधारण ६० मीटर अंतरावर अ आणि ब खुंट्या ठोका, लेव्हल बरोबर मध्ये मांडा. समजा अ वर १.४२० आणि ब वर १.६८५ आलं. फरक ०.२६५. दृष्टिरेषा वाकडी असली तरी दोन्ही अंतरं सारखी, त्यामुळे चूकही सारखी, आणि फरक खराच निघतो. आता लेव्हल उचलून अ च्या मागे दोन-तीन मीटरवर मांडा. अ वर १.५१० आलं, तर ब वर १.७७५ यायला हवं. आलं १.७८३. म्हणजे तुमची दृष्टिरेषा ६० मीटरला ८ मिलिमीटर वर चाललीय. दोन-तीन मिलिमीटरपर्यंत मी चालवून घेतो. आठ असेल तर ती लेव्हल दुरुस्तीला जायला हवी, पण कॅम्पमध्ये दुसरी मिळणार नाही हेही मला माहीत आहे. मग एकच उपाय: बॅकसाइट आणि फोरसाइट यांची अंतरं सारखी ठेवा, पावलांनी मोजून का होईना. जी गोष्ट परीक्षेत चूक पकडते तीच कामात चूक मारते. इंटरमिजिएटला, म्हणजे मधल्या बिंदूंवरच्या रीडिंगला, मात्र हा आधार नाही, तिथे लांबच्या बिंदूवर चूक राहणारच. म्हणून खराब लेव्हलवर लांबचे इंटरमिजिएट घेऊ नका.

ऑटो लेव्हलच्या आत कॉम्पेन्सेटर असतो, तोच रेषा आडवी ठेवतो. तो अडकलाय का हे बघायला रीडिंग घेताना तिपाईच्या पायाला हलकी टिचकी मारा. प्रतिमा थरथरून पुन्हा त्याच आकड्यावर स्थिरावली तर ठीक. अजिबात हललीच नाही तर आत काहीतरी चिकटलंय.

तिपाई उतारावर मांडताना दोन पाय खालच्या बाजूला, एक वरच्या. पाय जमिनीत दाबा, पण दुपारी डांबरी रस्त्यावर उभं राहू नका. मे महिन्यात डांबर मऊ होतं आणि पाय इतके हळू खचतात की तुमच्या लक्षात येत नाही. गोल बुडबुडा मध्ये आणा. मग पॅरालॅक्स काढा. पोरं हे तोंडी परीक्षेत घडाघडा म्हणतात आणि मैदानात विसरतात. दुर्बिणीपुढे पांढरा कागद धरून आयपीस फिरवा, आडवी रेघ काळी-कुळकुळीत दिसली पाहिजे. मग कागद काढून स्टाफवर फोकस करा. डोळा किंचित वर-खाली हलवा. रेघ आकड्यावरून सरकली तर पॅरालॅक्स आहे, पुन्हा करा. गटात दोघं आळीपाळीनं रीडिंग घेत असतील तर आयपीस प्रत्येकाच्या डोळ्याला वेगळा लावावा लागतो.

परत स्टाफकडे. स्टाफ डावी-उजवीकडे कलला तर इन्स्ट्रुमेंटवाल्याला उभ्या रेघेवरून कळतं, तो हात दाखवतो. पुढे-मागे कलला तर त्याला काहीही कळत नाही. तीन अंशांनी कलला आणि रीडिंग ३ मीटरचं असेल तर चूक ४ मिलिमीटर, पाच अंशांना ११. रीडिंग अर्ध्या मीटरचं असेल तर पाच अंशांनाही दोनच मिलिमीटर. म्हणजे जपायचं ते मोठ्या रीडिंगला. पाठीला गोल बुडबुडा लावलेला असेल तर तो बघा. नसेल तर स्टाफ छातीसमोर धरून सावकाश पुढे-मागे झुलवा, आणि इन्स्ट्रुमेंटवाल्यानं दिसलेलं सर्वांत लहान रीडिंग लिहायचं. स्टाफ सरळ असतानाच रीडिंग सर्वांत कमी येतं. धरताना आकड्यांवर बोटं नकोत. हे सांगावं लागतं, यावरूनच समजा.

चेंज पॉइंट हे खलाशाचं खरं काम. लेव्हल उचलून पुढे नेली जाते तेवढा वेळ सगळ्या सर्व्हेची पातळी त्या एका बिंदूवर तोललेली असते. काळ्या मातीत स्टाफ नुसता टेकवला तर फोरसाइट आणि बॅकसाइट यांच्यामधल्या वेळात तो आपल्याच वजनानं खाली जातो. जमिनीत घट्ट रुतलेला दगड शोधा, त्याचा उंचवटा शोधा, खडूनं फुली मारा. दगड नसेल तर खुंटी ठोका किंवा लोखंडी बेसप्लेट पायानं दाबून बसवा. फोरसाइट झाली की स्टाफ उचलायचा नाही, जागच्या जागी नव्या दिशेला वळवायचा. उचलावाच लागला तर बुडाचा चिखल पुसून त्याच फुलीवर ठेवायचा. चिखलाचा एक थर म्हणजे पाच-सात मिलिमीटर सहज. आणि मोबाइल खिशात. माझ्या डोळ्यांदेखत एका पोरानं चेंज पॉइंटवरून बाजूला होऊन सेल्फी काढला आणि परत येऊन शेजारच्या दगडावर स्टाफ ठेवला.

वही कशी दिसते ते एका छोट्या कामावर दाखवतो. ओढ्याकडे उतरणाऱ्या गाडीवाटेचा काप (लांबीचा छेद), १०० मीटर. बीएमचा आरएल, म्हणजे पातळी, १००.००० धरलाय. एचआय म्हणजे दुर्बिणीच्या रेषेची पातळी; तिच्यातून रीडिंग वजा केलं की त्या बिंदूचा आरएल.

बीएमवर बॅकसाइट १.८६५, म्हणून एचआय १०१.८६५.
० मीटर: इंटरमिजिएट १.४२०, आरएल १००.४४५.
२० मीटर: इंटरमिजिएट १.६१०, आरएल १००.२५५.
४० मीटर, चेंज पॉइंट: फोरसाइट २.३४५, आरएल ९९.५२०.
लेव्हल हलवली. त्याच बिंदूवर बॅकसाइट ०.७८०, नवा एचआय १००.३००.
६० मीटर: इंटरमिजिएट १.१२५, आरएल ९९.१७५.
ओढ्याचा तळ: इंटरमिजिएट ३.२४०, आरएल ९७.०६०.
१०० मीटर: फोरसाइट १.५१५, आरएल ९८.७८५.

बॅकसाइटची बेरीज २.६४५, फोरसाइटची ३.८६०, फरक उणे १.२१५. शेवटचा आरएल वजा पहिला, तोही उणे १.२१५. जुळलं. पण इथे थांबा. या बेरजेत इंटरमिजिएट कुठे आलेच नाहीत. ओढ्याच्या तळाच्या वजाबाकीत गोंधळ झाला असता तरी हिशेब असाच जुळला असता. म्हणून इंटरमिजिएट बरेच असतील तर राइझ-फॉलनं, म्हणजे प्रत्येक बिंदूचा आधीच्यापासूनचा चढ किंवा उतार काढून, मांडा. इथे चढांची बेरीज २.१७०, उतारांची ३.३८५, फरक पुन्हा उणे १.२१५, आणि यात प्रत्येक बिंदू तपासला गेला.

तरीही एक भोक उरतंच. ओढ्यातलं रीडिंग खरं २.२४० असेल आणि तुम्ही ३.२४० वाचलं असेल, तर दोन्ही पद्धती गप्प बसतात. गणित फक्त तुमचं गणित तपासतं, डोळे तपासत नाही. यावर दोन उपाय. एक माझ्या खलाशीपणातला: मोठ्या किंवा शंकास्पद रीडिंगला खलाशानं पेन्सिल आडवी धरून स्टाफवर सरकवायची, रेघेवर आली की इन्स्ट्रुमेंटवाला हात वर करतो, आणि खलाशी स्वतःच्या डोळ्यांनी मीटरचा आकडा वाचून ओरडतो. दुसरा उपाय स्टेडियाच्या रेघा, म्हणजे दुर्बिणीत मधल्या आडव्या रेघेच्या वर-खाली असलेल्या दोन छोट्या रेघा. वरची, मधली, खालची, तिन्ही वाचा. समजा ३.३६२, ३.२४० आणि ३.११८. वरच्या-खालच्याची सरासरी ३.२४०, मधलीशी जुळली. एक-दोन मिलिमीटर इकडे-तिकडे चालतात. शिवाय वर-खालचा फरक ०.२४४, गुणिले १००, म्हणजे २४.४ मीटर अंतर फुकटात मिळालं. बॅकसाइट-फोरसाइटची अंतरं सारखी आहेत का हेही त्यातूनच कळतं, पावलं मोजायला नकोत.

शेवटी पुन्हा बीएमवर या, नाहीतर दुसऱ्या माहीत असलेल्या बीएमवर. साध्या कामाला क्लोजिंगची मर्यादा २४ गुणिले किलोमीटरमधल्या अंतराचं वर्गमूळ, इतके मिलिमीटर. एक किलोमीटरच्या फेरीला २४, चारशे मीटरला १५. खिंडीचा किस्सा आठवत असेल तर दुसऱ्या बीएमवर बंद करणं का चांगलं ते सांगायला नको. वहीत खोडरबर वापरू नका. चुकलेल्या आकड्यावर एक रेघ मारा आणि वर नवा लिहा, खालचा वाचता आला पाहिजे.

पुलाच्या स्लॅबच्या बुडाची पातळी हवी असेल तर स्टाफ उलटा धरा, शून्य वर टेकवून. एचआय १००.३०० आणि रीडिंग ०.४५० असेल तर आरएल १००.७५०. रीडिंग मिळवायचं, वजा करायचं नाही. वहीत आकड्याच्या आधी उणे चिन्ह आणि शेऱ्यात 'उलटा स्टाफ' लिहा, नाहीतर संध्याकाळी तुम्हालाच आठवणार नाही.

टेपचंही तसंच, त्यालाही दुसरं टोक असतं. काही टेपचं शून्य कडीच्या बाहेरच्या कडेला असतं, काहींचं पट्टीवर आत छापलेलं असतं. शून्याकडचा माणूस कुठे धरतोय ते आधी बघा. उतारावर ३० मीटरला १ मीटर उंची बदलली तर आडवं अंतर १७ मिलिमीटर कमी भरतं. उन्हानं टेप प्रमाण तापमानापेक्षा २० अंश जास्त तापला तर ३० मीटरला ७ मिलिमीटर लांबतो. रस्त्याच्या कापाला याची फिकीर करू नका, इमारतीच्या कॉलमच्या आखणीला करा. काटकोन काढायला ३-४-५ पुरे, पण मीटरमध्ये ६-८-१० घ्या, बाजू जितक्या लांब तितका कोन चांगला.

मोजताना शेतकरी विचारणारच, आमचं किती गुंठे भरलं? गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट, चाळीस गुंठ्यांचा एकर. एवढं सांगा. बांध कुणाचा ते मात्र सांगू नका. ते काम भूमी अभिलेखच्या भूकरमापकाचं. कॅम्पच्या पोरांच्या तोंडून निघालेल्या आकड्यावर भावाभावांची भांडणं लागलेली मी पाहिलीत.

टोटल स्टेशन आलं तेव्हा मला वाटलं, खलाशाचं दुःख संपलं. उलट वाढलं. आता दुर्बिणीकडचा आकडा मिलिमीटरपर्यंत छापून येतो, त्यामुळे कुणी शंकाच घेत नाही. पण प्रिझमचा, म्हणजे किरण परत पाठवणाऱ्या काचेचा, पोल माणूसच धरतो. दोन मीटरचा पोल एका अंशानं कलला तर वरचा प्रिझम ३५ मिलिमीटर बाजूला जातो. झुडूप आड आलं म्हणून पोल १.५०० वरून १.८०० केला आणि इन्स्ट्रुमेंटवाल्याला सांगितलं नाही, तर पुढचे सगळे बिंदू ३० सेंटिमीटर उंच येतात. म्हणून नियम: पोलची उंची बदलली की हाक मारायची, आणि समोरून तो आकडा परत म्हणून दाखवला जाईपर्यंत हलायचं नाही. प्रिझमचा स्थिरांकही, म्हणजे अंतरात करायची ठरलेली दुरुस्ती, बघा. काहींचा शून्य, बऱ्याच प्रिझमचा उणे ३० मिलिमीटर. मशीन एका कंपनीचं, प्रिझम दुसरीचा, असं कॉलेजात सर्रास असतं. टेपनं २० मीटर मोजून त्यावर एकदा ताडून घ्या. आणि बॅकसाइट (इथे दिशा पक्की करायचा माहीत असलेला बिंदू) लावली की काम सुरू करण्याआधी आणखी एक माहीत असलेला बिंदू वाचा.

जीपीएस रोव्हर, म्हणजे घेऊन फिरायचा रिसीव्हर, मिळाला तर उंचीबद्दल सावध राहा. तो मुळात पृथ्वीच्या आकारासाठी धरलेल्या गणिती लंबवर्तुळापासूनची उंची देतो. महाराष्ट्रात ती समुद्रसपाटीपासूनच्या उंचीहून साठएक मीटर कमी भरते. कंट्रोलरमध्ये जिऑइड मॉडेल (हा फरक भरून काढणारं) चालू आहे का ते विचारा, आणि नंतर एका बीएमवर तपासा.

इन्स्ट्रुमेंट खांद्यावर टाकून पळू नका, नव्या जागी जाताना पेटीत ठेवा. भारताची मोठी त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणाऱ्या विल्यम लॅम्बटनचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, अर्ध्या टनाच्या आसपास होता. १८०८ साली तंजावरच्या देवळावर चढवताना दोर तुटून तो भिंतीवर आदळला, आणि लॅम्बटननं सहा आठवडे तंबूत बसून स्वतःच्या हातानं तो सरळ केला. लॅम्बटन १८२३ साली हिंगणघाटला वारला, कबर तिथेच आहे. विदर्भातल्या पोरांनी एकदा जाऊन यावं. तुमच्याकडे सहा आठवडे नसतात, आणि लेव्हल पडली की डिपॉझिट जातं.

कॅम्पच्या पहिल्या दिवशी गटात ज्याला इन्स्ट्रुमेंटची सर्वांत जास्त घाई असेल, त्याला एका पूर्ण फेरीसाठी स्टाफ द्या, बीएमपासून बीएमपर्यंत. संध्याकाळी त्यानंच स्टाफचे तुकडे उघडून पुसायचे, बटणांच्या भोकातली माती काडीनं काढायची आणि तो सावलीत आडवा ठेवायचा. भिंतीला तिरपा टेकवून ठेवू नका, वाकतो.